हवा कोंडली ती

फौजेतून आल्यावर मी जतला जीप घेतली. तिकडची धूळ म्हणजे पीठच. ती इंजिनात जाऊ नये म्हणून एअर फिल्टरवर जुन्या धोतराचं फडकं दुहेरी गुंडाळलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन विसरूनही गेलो.

एका सकाळी मेढ्याला बहिणीकडे निघालो, तर साताऱ्याच्या अलीकडच्या चढाला गाडीनं दम सोडला. अॅक्सिलेटर तळाला टेकवला तरी ओढ नाही, मागून नुसता काळा धूर. उसाचा ट्रॅक्टर मला ओलांडून गेला. मी उतरून बॉनेटवर बुक्क्या घातल्या, दाराला लाथ अशी हाणली की पत्रा आत गेला. खरा राग धाकट्या भावावर होता. तो गाड्यांचा मिस्त्री; महिन्यापूर्वी त्यानं जीपचा डिझेल पंप दुरुस्तीला खोलला होता. त्यानंच तो बिघडवला, हे मी ठरवून टाकलं होतं.

फोन केला तर म्हणाला, "दादा, आधी हवा बघ."

चारही चाकांची हवा बघितली. बरोबर होती. माझं डोकं आणखीच फिरलं.

तशीच रखडत गाडी साताऱ्याला त्याच्या गॅरेजात नेली. भाऊ कानानं इंजिनाचा बिघाड ओळखायचा. डोळे मिटून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा. बोट चुकलेलं मी बघितलं नाही. त्या दिवशीही ऐकलं आणि हसून म्हणाला, "पंपाला काय झाल्यालं न्हाई. समदा घोळ हवेचा हाय, दादा. मगाच सांगितलं हुतं."

फौजेतून आल्यापासून गाव माझ्या पाठीमागं म्हणायचं, याच्या डोक्यात हवा गेलीय. मला तेच ऐकू आलं. दोन गिऱ्हाइकंही हसली. मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. तो वाकला तशी दुसरी, मग तिसरी, सगळ्या डाव्या कानावर. तो जॅकवर आपटला तरी मी थांबलो नाही. लोकांनी मला धरलं तेव्हा माझ्या हातात चाकाचा पाना होता.

तो उठला. कानातून रक्त गळ्यावर आलं होतं. त्यानं फिल्टरचा डबा उघडला, इंजिनाची हवा कोंडून बसलेलं, चिखलासारखं थापलेलं फडकं ओढून काढलं आणि माझ्या पायाशी टाकलं. गाडी चालू केली. एका दाबात इंजिन गरजलं.

"आता जा," तो म्हणाला.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी हात टेकले. तो कान गेला तो गेलाच.

वर्षभरानं त्यानं मला पुन्हा दारात उभं राहू दिलं. परवा जीपचा खडखड आवाज घेऊन गेलो. तो डोळे मिटून उभा राहिला. बोट वर झालं, हवेत फिरलं, खाली आलं.

"दादा, एका कानानं दिशा कळंना रं," तो म्हणाला. "तूच आयक. आवाज कुठनं येतुया?"

आयुष्यभर गाड्या हाकल्या, पण इंजिन ऐकायला मी कधी थांबलोच नव्हतो. मला काहीही कळलं नाही. अंदाजानं बोट दाखवलं.

त्यानं तिकडचे बोल्ट सोडायला घेतले.