ओवाळणीत चावी

चाकणच्या आमच्या कंपनीत बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि चावी सुपरवायझरच्या खिशात. जायचं म्हटलं की त्याच्यासमोर उभं राहायचं, "सर, चावी." तो घड्याळ बघणार. "आत्ताच तर जाऊन आलात!" आमच्या लघवीचा हिशेब एका बाप्याकडे! त्यापायी आम्ही शिफ्टभर पाणीच प्यायचो नाही.

मी पत्रक काढलं. 'मूत्राशयावरील पितृसत्तेचा ताबा उठवा!' मथळा माझाच, आणि मला तो अजूनही आवडतो. पहिली प्रत आईला दाखवली. आईची उमेदीची वर्षं भोसरीच्या वर्कशॉपात गेली. चष्मा लावून वाचत ती म्हणाली, "अगं, श्रावण चाललाय. पितरं गणपतीनंतर येतात. त्यांचं आत्ताच काय काढलंस?"

कुकर होईपर्यंत मी तिला पितृसत्ता समजावली.

"म्हंजे बाप्यांची मिजास. मग तसं लिहावं की," ती म्हणाली. "आमच्यातबी चावी शेठकडंच असायची. राखीला सगळ्याजणींनी त्याला राखी बांधली अन् ओवाळणीत चावी मागितली. रडायला आला होता बिचारा."

मी भडकले. ज्याच्याशी भांडायचं त्यालाच भाऊ करायचं? हक्क घ्यायचा की ओंजळ पसरायची? "आई, ही शुद्ध सरंजामी वृत्ती आहे!"

"असंल. पण भागलं आमचं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हा किस्सा बायकांना सांगितला. काय करू नये, याचं उदाहरण म्हणून. आमच्यात सगळ्यात मोठी एक मावशी आहे, इथल्याच गावची. तिनं फक्त विचारलं, "राखी कवा हाय?"

राखीच्या दिवशी मावशी स्टीलचं ताट घेऊनच आली. कुंकू आणि अक्षता माझ्याच पत्रकाच्या पुड्यांत. पितृसत्ता कुंकवानं लालभडक झालेली.

"दादा, हात करा पुढं."

"मावशी, कंपनीत सर म्हणायचं."

"आज न्हाई म्हणायचं."

एकेक करत त्याची दोन्ही मनगटं भरली. त्यानं खुशीत पाकीट काढलं. मावशी म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ द्या. चावी टाका ताटात."

तो हसला. मग त्याला कळलं की बाकी कुणी हसत नाहीये. फोर्कलिफ्टवाला लांबून ओरडला, "टाका की राव! बहिणी हायेत!" खणकन चावी पडली.

मी राखी बांधली नाही, हे इथं नोंदवून ठेवते. ताटातली चावी सगळ्यात आधी उचलून पळाले मात्र मीच. सकाळपासून तत्त्वाला धरून उभी होते, आणखी धरवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चावी परत मागायला आला. मावशीनं कमरेवर हात ठेवले. "ओवाळणी परत मागत्यात व्हय? घरी आईला इचारून या आधी." तो काही परत आला नाही. चावी आता दाराशेजारच्या खिळ्याला असते, राखीचा गोंडा लावून.

दार उघडतं, पण आत नळाला पाणी नाही. मी ताबडतोब नवं पत्रक लिहिलं: 'हक्क ओवाळणीत मिळत नसतात!' मावशीनं अक्षर अक्षर लावत ते पूर्ण वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"बराबर लिव्हलंयस. पण भाऊबीज झाल्यावर वाट."