भाग्यश्रीताई आणि सम्राटची बंदूक

भाग्यश्री उपाध्ये कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून स्कूटरवरून निघते तेव्हा तिच्या अंगावर ना वर्दी असते, ना खांद्यावर फीत. जवानांच्या कुटुंबांसाठी फौजेनं काढलेल्या एका केंद्रात ती समुपदेशक आहे, मुलकी नोकर. दारू, मारझोड, माणसाचं स्वतःच्याच जिवावर उठणं, हे घडायच्या आधी त्या घरात पोचायचं, हे तिचं काम. तिच्या आईला, प्रभावतीबाईंना, ते अजून नीट उमगलेलं नाही. कुणी विचारलं की त्या "लेक मिलिटरीत हाय" एवढंच सांगतात, आणि ऐकणारा भाग्यश्रीच्या किडकिडीत अंगकाठीकडे पुन्हा एकदा बघतो.

सुरुवातीलाच तिला एक गोष्ट शिकावी लागली. फौजींच्या गावात केंद्राचं माणूस अचानक दारात उभं राहिलं की बायका तोंडाला पदर लावतात. सीमेवरून वाईट निरोप आला, असंच त्यांना वाटतं. म्हणून ती गल्लीच्या तोंडालाच स्कूटर लावते आणि खणखणीत आवाजात सांगते, "सगळं बरं हाय हो, सहज आलेय." मग चालत पुढं जाते. तिचा मूळचा आवाज बारीक. हा तिनं कमावलेला.

कागलजवळच्या त्या गावात ती अशीच गेली, पण त्या दिवशी सगळं बरं नव्हतं. सकाळी डेअरीत दूध घालायला आलेल्या संयोगितानं तिथूनच फोन केला होता. तिचा नवरा सम्राट फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला आणि आता एका पतसंस्थेच्या दारात स्वतःच्या परवान्याची बंदूक घेऊन उभा राहणारा रखवालदार. दिवाळीपासून त्याला झोप नव्हती. एकही बार न काढलेली बंदूक तो रोज पुसत बसे. आणि आदल्या दिवशी त्यानं बायकोला समोर बसवून, आपल्यामागं तिनं पेन्शन कशी चालू करून घ्यायची, ते शांतपणे समजावून सांगितलं होतं.

बाहेरच्या सोप्यात सम्राट होता आणि त्याचे वडील हंबीरराव, जुने सुभेदार. चहा झाला. भाग्यश्रीनं आडवळण घेतलं नाही. जीव द्यावा असं मनात येतं का, हे तिनं सम्राटला सरळ विचारलं. त्यानं फरशीकडे बघतच होकारार्थी मान हलवली. संयोगिता दाराला टेकून उभी होती, ती खाली बसली. डॉक्टरकडे जायला तो कबूल झाला. पण बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवूया म्हटल्यावर हंबीरराव उसळले.

"बंदूक काढून घेतली म्हंजे गावानं काय समजायचं? पोरगं येडं झालं?"

"काढून कोण घेतंय, सुभेदार? त्यांनीच नेऊन जमा करायची."

"तुमी जैन माणसं, ताई. मुंगी पायाखाली आली तर पाय उचलता. बंदुकीतलं तुमास्नी काय कळतंय?"

"कायबी न्हाय," ती म्हणाली. "म्हणून इचारते. पलटणीतनं जवान सुट्टीवर निघाला की त्याची रायफल कुठं असते?"

"कोतात जमा," म्हातारा तडक म्हणाला. पलटणीची हत्यारं ज्या कुलपाच्या खोलीत ठेवतात, ती कोत. "रायफल घेऊन कोण सुट्टीवर जातंय व्हय?"

बोलून झाल्यावर ते थांबले. हात उगाच मिशीकडे गेला. सम्राटनं पहिल्यांदाच मान वर केली.

"आबा," तो म्हणाला, "मी दमलोय. मला सुट्टी पायजे."

हंबीरराव उठले. त्यांनी खुंटीवरचा फेटा घेतला, आणि बंदुकीच्या कपाटाची किल्ली सुनेकडून मागून घेतली.

कोल्हापुरात एक परवानाधारक दुकानदार लोकांची हत्यारं सांभाळायला ठेवून घेतो. तिघं तिथं गेले, बापलेक शेजाऱ्याच्या गाडीतून आणि भाग्यश्री मागं स्कूटरवर. वाटेत चहाला थांबले तेव्हा सम्राट तिला म्हणाला की बंदूक नसली तर पतसंस्था उद्याच दुसरा माणूस बघेल. तेही खरं होतं. आपण बोलून बघू, पण हमी देता येणार नाही, असं तिनं सांगितलं. साधी रखवाली मिळेल कदाचित.

"म्हंजे हातात शिट्टी घेऊन उभं ऱ्हायाचं."

"व्हय."

तो हसला नाही. पण गाडीत परत बसला.

दुकानात त्यानं बंदूक उघडून नळी रिकामी असल्याचं दुकानदाराला दाखवलं, मग ती गल्ल्यावर आडवी ठेवली. दुकानदारानं सवयीनं विचारलं, परत कधी न्यायची? हंबीररावांनी भाग्यश्रीकडे बघितलं. तारीख तिलाही ठाऊक नव्हती आणि उगाच एखादी सांगायची नव्हती, म्हणून तिनं सम्राटकडे बघितलं.

सम्राटच बोलला.

"मी एकटा आलो, तर देऊ नगा. किती बी भांडलो तरी."

दुकानदार गोंधळला. असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसावं.

"ह्यो माजा ल्योक," हंबीरराव म्हणाले. आवाज पलटणीतला होता, फक्त थोडा बसलेला. "मी संगं असलो तरच द्यायची. तसं लिवून घ्या."