कूलरला टेकलेला हात

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की जड जाईल असं वाटलं होतं — तसं काही होत नाहीये.

मी नागपुरात विम्याची कामं करतो. पॉलिसीसोबत सल्ला फुकट — हेल्मेट घाला, गॅसची नळी वेळेवर बदला, ओटीपी कोणाला सांगू नका. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्याचा पहिला नियम: कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी प्लग काढा. लोखंडी पत्रा, खाली पाणी, आत मोटर — करंट उतरायला कितीसा वेळ लागतो? हे मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलेन.

प्रमोद माझा शाळेपासूनचा दोस्त. एप्रिलच्या एका दुपारी त्याच्या घराच्या विम्याचे कागद घेऊन गेलो होतो. कूलर त्यानं स्वतः माळ्यावरून उतरवून, वाळ्याची नवीन खस लावून जोडला होता. त्याचंच कौतुक चाललं होतं. मी कूलरला हात टेकला — आणि झिणझिण्या आल्या. बारीकशा. हात काढून खिशात घातला.

बोललो नाही. काहून? खरं सांगू — उशीर होत होता. बोललो असतो तर प्रमोदनं तिथंच कूलर खोलला असता, मला टेस्टर धरून उभं केलं असतं, आणि मला चार वाजता बर्डीला पोचायचं होतं. बस, एवढंच. वंदनावहिनींनी दिलेलं पन्हं प्यायलो आणि निघालो. फोन करून सांगू म्हटलं. केला नाही.

पाचव्या दिवशी वहिनी चालू कूलरमध्ये पाणी भरायला गेल्या. जागीच गेल्या.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे एक वेळ चूक म्हणून खपलं असतं.

भेटायला गेलो तर घर माणसांनी भरलेलं. वहिनींचा भाऊ मला म्हणाला, "तुम्ही तर लोकाइले हेच शिकवता नं? इथं नाही सांगतलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो — किती सहज निघालं तोंडातून! — "सांगतलं होतं नं प्रमोदले. प्लग काढत जा म्हणून."

प्रमोदनं मान वर केली. मला वाटलं, आता विचारतो — कधी? तो आठवत राहिला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून आठवत राहिला. मग म्हणाला, "सांगतलं असन गा. माह्याच ध्यानात नाही रायलं."

दारात त्याची मुलगी उभी होती, दहावीतली. तिनं ऐकलं. त्याच उन्हाळ्यात ती मामाकडे उमरेडला राहायला गेली. आता तिचं लग्नही झालं. बापाशी ती अजून बोलत नाही. तिच्या लग्नात प्रमोद पाहुण्यासारखा माझ्या शेजारी बसून जेवला.

दर उन्हाळ्यात मी सोसायट्यांमध्ये, बुटीबोरीच्या कामगारांपुढे सुरक्षेवर बोलतो. प्रमोद न बोलावता येतो. शेवटी उभा राहून सांगतो, "या माणसानं मले सांगतलं होतं. मी आयकलं नाही. तुम्ही आयका." लोक एकदम गप्प होतात. माझ्या बोलण्यानं कधी होत नाहीत.

परवाही आला होता. माईक मीच त्याच्या हातात दिला.