उशिरा उचललेला पिवळा झेंडा

ग्रेटर नोएडाच्या कार रेसिंग ट्रॅकवर मी सहा वर्षं मार्शल होतो. आठवडाभर कचेरीत फायली सरकवायच्या आणि रेस असली की शनिवार-रविवार नारिंगी डगला चढवून वळणावर झेंडा घेऊन उभं राहायचं. बायको म्हणायची, "घरातला पंखा पुसा म्हटलं की कंबर धरते, आणि तिथे दिवसभर उन्हात बरे उभे राहता!" पण त्या डगल्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी राष्ट्रीय टूरिंग कार स्पर्धेत आपली एक मराठी मुलगी होती. दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या मागच्याच ब्लॉकमधली. मला काका म्हणायची. वडिलांनी तिला बजावलं होतं, हा सीझन शेवटचा. चॅम्पियन झालीस तर पुढचं बघू, नाहीतर गाडी बंद आणि मुकाट्याने नोकरी. चेन्नई, कोइमतूरच्या फेऱ्या झाल्या तेव्हा ती गुणांत पहिली होती. उरली होती फक्त आमच्या ट्रॅकवरची शेवटची फेरी.

वळणावर आम्ही दोघे असतो. एकजण येणाऱ्या गाड्यांकडे बघतो, दुसरा त्यांच्याकडे पाठ करून पुढचा रस्ता बघतो. पुढे कुणी अडकलं की त्या दुसऱ्याने पिवळा झेंडा हलवायचा, आणि झेंडा हलतोय तोवर कुणी कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. त्या दिवशी पाठ करून उभा राहणारा मी होतो. या कामात मागे वळून बघायचं नाही, हे मी नव्या मुलांना दरडावून शिकवत असे.

आणि मीच वळलो. आपली पोरगी येतेय, एकदा डोळे भरून बघू, एवढंच. ती दुसऱ्या गाडीला अगदी खेटून येत होती. पुन्हा पुढे मान वळवली तर एक गाडी गिरकी खाऊन वाळूत रुतलेली! मी झेंडा उचलला तोवर ती ओव्हरटेक करून माझ्यासमोरून निघूनही गेली होती.

रेस ती जिंकली, पण मागे पडलेल्या गाडीच्या टीमने तक्रार केली, पिवळा झेंडा असताना हिने ओव्हरटेक केलं. आमच्या वळणावर कॅमेरा नव्हता, तिच्या गाडीतला उन्हाने बंद पडलेला. माझ्या जोडीदाराने सरळ सांगितलं, "सर, मैं तो दूसरी तरफ देख रहा था." मग पंचांनी मला विचारलं, "फ्लॅग कब दिखाया?"

ती समोरच उभी होती, हेल्मेट पोटाशी धरून. 'उशिरा दाखवला' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. फार तर माझा डगला गेला असता. पण सहा वर्षांची शेखी आड आली. मी म्हणालो, "टाइम पे दिखाया, सर. बिल्कुल साफ."

ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर कदाचित मी खरं बोललोही असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच. ती पंचांना म्हणाली, "काका कह रहे हैं तो दिखाया ही होगा. मुझसे मिस हो गया." तिच्या वेळेत दंडाचे सेकंद वाढवले, नंबर खाली गेला आणि चॅम्पियनशिप दुसऱ्याच्या घरी गेली.

आज ती गुरुग्रामला नोकरी करते आणि गाडी चालवते ती ऑफिसला जाण्यापुरती. कॉलनीत भेटली की हसून बोलते. मला तिच्याकडे वर मान करून बघवत नाही. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

त्या रेसच्या संध्याकाळी ट्रॅकच्या पार्किंगमध्ये तिचे वडील माझ्याकडे येताना दिसले. वाटलं, यांना कळलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"दुसरा कुणी असता तर आपली मुलगी म्हणून सांभाळून घेतलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही खरं तेच बोललात. तिला मी सांगितलंय, माणूस असा असावा."

मी म्हणालो, "अहो, ड्युटीच आहे ती आमची."