केस न कापणारे काका

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ असतील, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही मुलीची जुनी आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कोणाला दाखवायची नाही. पण काकांबद्दल कुठेतरी लिहून ठेवावं असं गेला महिनाभर वाटतंय.

नारपोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकांचं सलून होतं. सलून म्हणजे एक खुर्ची, दोन आरसे आणि एक बाकडं. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा असा सलूनवाला अख्ख्या भिवंडीत दुसरा नसेल. माणूस खुर्चीत बसला की काका त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे, मान जरा इकडे-तिकडे वळवायचे आणि म्हणायचे, "आज न्हाय. थांब जरा. पंधरा दिवसांनी ये."

गिऱ्हाईक चिडायचं. "अहो काका, पैसे देतोय ना!"

"ठेव तुझे पैसे. डोकं तुझं हाय, पण कात्री माझी हाय."

लूमवरची माणसं त्यांना थांबाकाका म्हणायची. तोंडावरही म्हणायची. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. ते मूळचे गणेशपुरीकडच्या एका खेड्यातले. इतकी वर्षं शहरात काढूनही त्यांच्या बोलण्यातलं हाय-न्हाय गेलं नव्हतं.

आमचे हे लूमवर कामाला. गणपतीच्या आधी एका लूमचा, कापडात आडवं सूत घेऊन पळणारा धोटा उडाला आणि ह्यांच्या डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग घेऊन गेला. टाके घालताना दवाखान्यात डोक्याची ती बाजू पार भादरली. जखम भरली, पण हे घरातसुद्धा डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायला लागले. जेवतानाही टॉवेल. त्याच सुमारास मुलीला वज्रेश्वरीकडचं स्थळ आलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत करून गेले, आणि मुलीचे वडील मात्र ताप आहे सांगून आत गोधडी घेऊन पडून राहिले. लग्न मे महिन्यात ठरलं. पाहुण्यांची पाठ वळल्यावर हे म्हणाले, "मी मांडवात उभा राहणार नाही. कन्यादान तुझ्या भावाला करू दे." मुलगी दाराआड उभी होती. तिने कपबशा उचलल्या आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ धूत बसली.

मी परक्या पुरुषांशी फार बोलत नाही. अजूनही जमत नाही. पण पुढच्या शुक्रवारी, लूमला त्या दिवशी सुट्टी असते म्हणून, ह्यांना घेऊन मी काकांच्या पायरीपर्यंत गेले आणि "ह्यांचं बघा" एवढंच म्हणाले. काकांनी टॉवेल काढला. मला वाटलं, आता कानाकडे बघतील, चक् चक् करतील. त्यांनी कानाकडे पाहिलंच नाही. डोक्यावरचा भोवरा कुठे आहे ते शोधलं.

"लगीन कधी हाय?"

"मे महिन्यात," मी म्हणाले.

त्यांनी बोटांवर मोजलं. "आठ महिने. होईल. कान झाकंल एवढे वाढवून देतो. पण माझ्याशिवाय कोणी हात लावायचा न्हाय. तू पण न्हाय."

"लवकर वाढायला काही तेलबिल?" ह्यांनी विचारलं.

"केस हाय तो, कापड न्हाय. डबल शिफ्ट लावली म्हणून लवकर निघत न्हाय."

मग दर शुक्रवारी जाणं सुरू झालं. पुरुषांनी भरलेल्या दुकानात मी आत जायची नाही, आणि हे एकटे जायला तयार नव्हते. काकांनी पायरीजवळ माझ्यासाठी स्टूल ठेवलं, रस्त्याकडे तोंड करून. आणि आतला छोटा आरसा असा तिरका टांगला, की मान न वळवता मला ह्यांचं डोकं दिसावं. मी लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई, माझ्या पदराला सुताचे तुकडे चिकटलेले असायचेच. काका त्यातलाच एक मागून घ्यायचे, ह्यांच्या कानावरच्या केसाला लावून तोडायचे आणि आरशाच्या खिळ्याला अडकवायचे. पुढच्या शुक्रवारी नवा दोरा. "हा बघ मागचा, हा बघ आजचा. वाढला की न्हाय?" मला तर दोन्ही सारखेच दिसायचे. पण हे निरखून बघायचे.

काका कापायचे ते फक्त मानेवरचे. हे कुरकुरायचे, "वाढवायचेत, तर कापता कशाला?"

"मागचे पुढे पळतात. त्यांना धरलं न्हाय तर कोंबड्याची शेपटी होईल. वरचे आणि बाजूचे येईपर्यंत मागच्यांनी थांबायचं."

तिसरा महिना सगळ्यात वाईट. केस कान झाकेनात आणि खालीही बसेनात, दोन्ही बाजूंनी झाडूसारखे बाहेर यायचे. कारखान्यात रोज कोणीतरी विचारायचं, "क्या हीरो, पिक्चर कब आ रही है?" मुकादम म्हणाला, "बाल पट्टे में गया तो सर भी जाएगा." मी चिंधीची घट्ट टोपी शिवून दिली. ड्युटीवर टोपी, घरी टॉवेल. ह्यांचं बोलणंच कमी झालं. काका मला बाहेर येऊन म्हणाले, "बाय, आत्ता सांभाळ. माझी निम्मी गिऱ्हाईकं ह्याच महिन्यात समोरच्या सलूनात जाऊन कापून येतात. धड लहान न्हाय, धड मोठे न्हाय. माणसाला सोसत न्हाय."

मी सांभाळलं, पण कमी पडले. जानेवारीत एका दुपारी मी घरी आले, तर हे आरशासमोर उभे, हातात लूमवरची दोरे कापायची कातर. डावे केस भादरल्यामुळे उजव्यांपेक्षा आखूड होते. आयुष्यभर कापडाची किनार सरळ ठेवलेला माणूस. त्यांना ते बघवलं नाही. उजवी बाजू डाव्याएवढी करायला गेले. ती जास्त कापली गेली. मग डावी थोडी कापली. मग पुन्हा उजवी. मी कातर हातातून काढून घेतली तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून दोन महिने जमिनीवर पडले होते.

शुक्रवारी हे यायला तयार नव्हते. मी हात धरून नेलं, भर रस्त्यातून. लग्नातही मी त्यांचा हात असा धरला नव्हता. काकांनी टोपी काढली आणि दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या. बाकड्यावरची माणसं हसायला लागली तशी काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हसू थांबलं.

"किनार काढलीस व्हय?"

हे खाली मान घालून बसले होते. "सारखे दिसत नव्हते."

"आता दिसतात?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे. आता आणखी काय बिघडायचं बाकी न्हाय, म्हणजे भ्यायचं कारण न्हाय." आणि माझ्याकडे हात पुढे केला, "बाय, दोरा दे."

त्या दिवशी मी धीर करून त्यांना विचारलं, "काका, सगळ्यांना परत पाठवता, तुमचं नुकसान होत नाही का?" तर म्हणाले, "होतं की. पण घाईत कापलेलं मला परत चिकटवता येत न्हाय."

मे महिना आला तेव्हा केस कानाच्या तुटक्या कडेच्या जेमतेम खाली पोचले होते. लग्नाच्या सकाळी पहिल्या एस.टी.ने काका वज्रेश्वरीला मांडवात हजर, खिशात कंगवा आणि पाण्याची लहान बाटली. ह्यांना एका कोपऱ्यात बसवून त्यांनी केस विंचरून असे बसवले, की मलासुद्धा कान दिसला नाही. मंगलाष्टकांना हे मुलीच्या बाजूला उभे होते. मुलगी खाली बघायची सोडून सारखी वडिलांकडेच बघत होती. मग व्याही-भेट. व्याह्यांनी खांद्यावर टॉवेल घातला आणि डोक्यावर टोपी घालायला दोन्ही हात वर केले. टोपी जरा ओढली असती तर केस मागे गेले असते. गर्दीतून आवाज आला, "थांबा!" काकांनी टोपी व्याह्यांच्या हातातून घेतली, ह्यांच्या डोक्यावर हलकीच ठेवली आणि म्हणाले, "आमच्यात असं टेकवतात." वरपक्षाला वाटलं, मुलीकडचे कोणी मोठे काका असतील. त्यांनी काकांनाही टॉवेल-टोपी केली. पंगतीत काका ती टोपी घालूनच जेवले.

त्यानंतर चार वर्षं ह्यांनी केस तेवढेच ठेवले. काका दर महिन्याला मानेवरचे तेवढे कापायचे. मुलीच्या सासरी कान कोणाला कळला नाही. कळला असेल तरी कोणी बोललं नाही. पण जावई गाडीवर बसवायला लागला की हे नको म्हणायचे, वाऱ्याने केस उडतील म्हणून.

मग रस्ता रुंद करताना काकांचं दुकान गेलं आणि ते गावी गेले. निघताना ह्यांना एवढंच म्हणाले, "आता आरशात बघून स्वतःच ठरव." गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा निरोप आला, काका गेले.

दहाव्याला हे एकटेच काकांच्या गावी गेले. संध्याकाळी परत आले ते मी दारातून बघितलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. डोकं पूर्ण तुळतुळीत. टोपी नाही, टॉवेल नाही. स्टँडपासून चालत आले होते, उजेडात, सगळ्या गल्लीतून.

"तिकडे नदीवर पुतण्या मुंडणाला बसला होता," हे म्हणाले, "मी त्याच्या शेजारी बसलो. न्हावी म्हणाला, तुम्ही भावकीतले नाही, तुम्हाला गरज नाही. मी म्हटलं, करा."

मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं. मग म्हणाले, "येताना मुलीकडेही जाऊन आलो."

"असेच?"

"असाच. व्याही ओट्यावर होते. जावई पण होता. बसलो, चहा घेतला."

मला विचारायला धीर होईना, तरी विचारलं, "मग? काय विचारलं त्यांनी?"

"सगळे एकच विचारतात," हे म्हणाले, "कोण गेलं?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, घरचं माणूस."