खोटी मोटर

वरवंडच्या भिमाजी आप्पांचा फोन आला, तेव्हा स्नेहल शिरूरच्या ऑफिसात नवा बदल तपासत बसली होती. एसटी डेपोसमोरच्या गाळ्यावर त्यांचं लहानसं ऑफिस. विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करायचं सॉफ्टवेअर तिथं बनायचं.

"पोरी, माझी मोटर कुणी चालू केली?" आप्पांनी विचारलं. "फोनवरनं बंद करून पंपाचा नट आवळत व्हतो. पाना उडाला हातातला."

"आप्पा, लागलं का?"

"न्हाई. पर बोटं तिथंच व्हती."

स्नेहलनं स्क्रीनकडं बघितलं. मोटर तिनंच चालू केली होती. सकाळी आप्पांची तक्रार बघताना त्यांच्या मोटरचा नंबर प्रोग्रॅममध्ये टाकला होता, तो काढायचा राहिला आणि तिची चाचणी थेट वरवंडला जाऊन पोचली.

त्या जावा क्लासचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याचं, दुखणं तिला ठाऊक होतं. मोटर चालवणारा तो क्लास विहिरीवर हुकूम पाठवणारा मॉडेम आपल्याच पोटात तयार करायचा, वेळही परस्पर कॉम्प्युटरच्या घड्याळातून घ्यायचा. त्याला तपासायचं म्हणजे कुठली तरी खरी मोटर हलवायची.

"हा क्लास मी आधी उघडून दुरुस्त करते," तिनं मालकाला, सत्यजीतला, सांगितलं.

"आत्ता? कांद्याच्या लागवडीआधी मोटर ठरल्या वेळी चालू-बंद करायचं वेळापत्रक शेतकऱ्यांना द्यायचंय. चालतंय ते चालू दे."

"चालतंय म्हणूनच आप्पांची मोटर चालू झाली, सर. हे झाल्याशिवाय मी नव्या कामाला हात लावणार नाही."

सत्यजीत आपल्या टेबलाकडं वळला. ती कामाला लागली.

तिनं जे करायला घेतलं, त्याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारदस्त असलं, तरी गोष्ट साधी. क्लासनं लागणारी वस्तू स्वतः बनवायची नाही, ती बाहेरून त्याच्या हातात द्यायची. स्नेहलनं मॉडेम आणि घड्याळ दोन्ही आतून काढली आणि कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे क्लास तयार होतानाच, बाहेरून मागून घेतली. सर्व्हरवर खरा मॉडेम द्यायचा, चाचणीत खोटा. खोटा मॉडेम कुठंच काही पाठवत नाही, फक्त कुठला हुकूम आला ते लक्षात ठेवतो.

लिहायला सोपं, पण तो क्लास जागोजागी वापरलेला. एक गाठ सोडवली की दुसरी आवळायची, स्क्रीन चुकांनी लाल व्हायचा. जेवणाचा डबा तसाच राहायचा. "सोडून दे आता," असं सत्यजीत एकदा म्हणाला, तेव्हा तिनं पुढची चूक उघडली.

शेवटी सगळं जुळलं. मग तिनं खोट्या घड्याळात हवी ती वेळ लावून, हवी तेव्हा लाइट घालवून बघायला सुरुवात केली. एक चाचणी काही केल्या पास होईना. शेतकऱ्यानं फोनवरून मोटर बंद केली, मग लाइट गेली, आणि लाइट परत आली की क्लास पुन्हा 'चालू'चा हुकूम सोडत होता.

तिनं सत्यजीतला बोलावलं. त्यानं स्वतः चाचणी चालवली. पुन्हा चालवली.

"म्हणजे हे कुणाच्याही विहिरीवर होऊ शकतं."

"हो."

वेळापत्रकाचं काम बाजूला ठेवून तो एकेका शेतकऱ्याला फोन लावत बसला. दुरुस्ती होईपर्यंत पंपाला हात लावू नका, लावायचाच तर आधी मेन स्विच पाडा. स्नेहलनं त्याच दिवशी ती चूक दुरुस्त केली.

मग न्हावऱ्यावरून दोघं वरवंडला गेली. मोटरला बसवलेल्या, फोनचे हुकूम घेणाऱ्या पेटीची वायर आप्पांनी कधीच उपटून टाकली होती.

"आप्पा, त्या दिवशी मोटर माझ्या हातून चालू झाली," स्नेहल म्हणाली. "आता आमच्या चाचणीतनं तसं होणार नाही. तशी सोयच ठेवली नाही."

आप्पांनी उपटलेली वायर गुंडाळून पेटीवर ठेवली. "खरं बोललीस ते बरं केलंस. पर वायर आज न्हाई जोडत. पुढच्या पाण्याच्या पाळीला बघू."

तिनं आग्रह केला नाही. परतताना सत्यजीतला म्हणाली, "सर, पाण्याची टाकी सांभाळणारा क्लासही तसाच आहे, मॉडेम पोटात तयार करणारा."

"उद्या घे."

"ऑफिसला पोचल्यावर बसते."