यादीतला चौथा नंबर

टेम्पोत सगळ्यात शेवटी बाजरीचं पोतं चढलं. ते मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः चढवलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तिसऱ्यांदा विचारत होत्या, "तवा घेतला का गं?" आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. चाललो होतो शिरूरला. मधे काय ती एक नदी. तरी पुलावर टेम्पो आला तेव्हा मला वाटलं, आता मागं वळून बघितलं तर उतरावंसं वाटेल. मी बघितलं नाही.

निघताना मामा ह्यांना एवढंच म्हणाले, "पोरीला चांगल्या साळंत घाला. त्येच्यासाठी चाललाय, ध्यानात असू द्या."

खरं तर निघालो होतो ह्यांच्या कंपनीतल्या नोकरीसाठी. मामांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि दोन भाऊ. त्यात सगळ्यांचं भागत नव्हतं. पण मामांनी तसं म्हटलं आणि मीही तेच कारण मनात धरून बसले. मुक्ता तेव्हा पाच वर्षांची होती.

शिरूरला दोन खोल्या मिळाल्या. शेजारी बिहारचं कुटुंब, त्यांची रोशनी मुक्ताएवढीच. खिडकीतून सकाळी मोठ्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दिसायची. टाय लावलेली मुलं एकेक करून चढायची. मी पोळ्या लाटता लाटता मनातल्या मनात त्या बसमध्ये मुक्ताला बसवून मोकळी व्हायचे.

फी आमच्या आवाक्यातली नव्हती, पण आरटीईमधून आमच्यासारख्यांना अशा शाळेत मोफत जागा मिळते, असं ह्यांना कंपनीत कळलं. सायबर कॅफेत बसून फॉर्म भरला. जातीचा दाखला दौंडहून लागणार होता. मामा तो काढून, एसटी बदलत, स्वतः घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो बंडीच्या आत छातीशी ठेवला होता. "घामानं भिजला न्हाई ना बघ," म्हणाले.

सोडत झाली, मोबाइलवर मेसेज आला. प्रतीक्षा यादी, नंबर चौथा.

चौथा म्हणजे जवळच की! मी तयारीला लागले. मुक्ता "हाय" म्हणाली की मी म्हणायचे, "हाय नाही, आहे म्हण." "न्हाई" म्हणाली की, "नाही म्हण. तिथं हसतील तुला." दिवसातून वीसदा. पोर बोलायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली, आणि मला वाटलं, शिकतेय.

जून आला, यादी काही सरकेना. वर्ष वाया जायला नको म्हणून मी तिला खोलीमागच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं. रोशनीही तिथंच चालली होती. गव्हाणे बाई पहिलीच्या वर्गशिक्षिका. मी दारातच सांगून टाकलं, "तिकडं नंबर लागला की काढून घेऊ हं बाई."

बाई हसल्या. "लागेल तेव्हा लागेल. आज तिला आत तर येऊ द्या."

मी मात्र पुस्तकांना कव्हरसुद्धा घातलं नाही. तात्पुरत्या शाळेला कशाला?

महिनाभरानं बाईंनी बोलावून घेतलं. "मुक्ता घरी बोलते का?"

"बोलते की," मी म्हणाले आणि थांबले. आठवून बघितलं, तर अलीकडे ती घरीही कमीच बोलत होती.

"इथं एक शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर करते. तिला कुणी रागावलंय का?"

मग मी खरं ते सांगितलं. हाय, न्हाई, ती इंग्रजी शाळा, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "घरचं घरी बोलू द्या तिला. पुस्तकातलं शिकवायला मी आहे ना." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी टोकणं सोडलं. तरी मुक्ता शाळेत गप्पच. पंधरा दिवस गेले. मग एका शनिवारी मामा आले, आणि शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघं तिला आणायला गेलो. त्यांचं लाल मुंडासं बघून पोरं दाराशी गोळा झाली. बाईंनी त्यांना वर्गात खुर्ची दिली. कुणीतरी विचारलं, "आजोबा, तुमच्याकडं मेंढ्या आहेत?"

"व्हत्या की! पाऊणशे व्हत्या."

"बोलवायच्या कशा?"

मामांनी तोंडाशी हात धरून लांब हाळी दिली. वर्ग हसला. आणि पाठीमागच्या रांगेतून मुक्ता उभी राहिली. "तसं न्हाई, आबा! ती शेळ्यांची हाय. मेंढरांची येगळी. तुमीच सांगितलंय मला!"

आणि तिनं हाळी देऊन दाखवली. खणखणीत. रोशनीनं तिच्या पाठोपाठ दिली, मग सगळ्या वर्गानं. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "व्हय गं बाई, चुकलं माझं." मी दाराबाहेर उभी होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी पदराचं टोक चावत राहिले.

त्यानंतर मुक्ताला गप्प करणं हेच काम झालं. रोशनीला मराठी शब्द सांगायचा तर बाई मुक्तालाच उभं करायच्या.

आणि गौरीगणपतीच्या तोंडावर मेसेज आला. नंबर लागला, कागद घेऊन या.

हे आनंदानं कंपनीतून अर्धा दिवस सुटी टाकून आले. आम्ही ती शाळा बघून आलो. छान होती, खोटं कशाला बोलू. मोठं मैदान, रंगवलेल्या भिंती, नीट बोलणारे क्लार्क. परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "नको."

"वेडी झालीस का? ह्याच्यासाठीच आलो ना आपण?"

"ती आत्ता कुठं बोलायला लागलीय. तिथं पुन्हा गप्प झाली तर?"

दोन दिवस आमचा अबोला. शेवटी ह्यांनी मामांना फोन लावला. एवढा धडपडून दाखला आणलेला माणूस, चिडणार असंच आम्हाला वाटलं. मामा म्हणाले, "पोरगी रडत जातीय का हसत जातीय?"

"हसत," हे म्हणाले.

"मंग मला कशाला इचारता?"

मुदत संपली, जागा पुढच्याला गेली. त्या संध्याकाळी मी मुक्ताच्या पुस्तकांना कव्हरं घातली.

आता ती तिसरीत आहे. इंग्रजी वाचताना अडखळते, तेव्हा माझं काळीज थोडं हलतं. शेजारच्या पोराचं फाडफाड ऐकलं की वाटतं, चुकलो तर नाही? मग ती रोशनीशी हिंदीत भांडते, आबांशी फोनवर त्यांच्यासारखं बोलते आणि कवितेच्या स्पर्धेत बाईंसारखं. वाटतं, हिचं काही अडायचं नाही.

मागच्या आठवड्यात शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून माझी निवड झाली. बाईंनी रजिस्टर पुढं केलं. नाव लिहिलं, पुढं "राहणार" असा रकाना होता. इतकी वर्षं कुठंही लिहायची वेळ आली की मी गावाचंच नाव लिहायचे, खोलीचं भाडं शिरूरला भरत असले तरी. पेन थोडं थांबलं. गाव काही कुठं जात नाही, मामा आणि आत्याबाई तिथंच आहेत, दिवाळीला आम्ही जातोच. पण ज्या अंगणातून माझी पोर रोज धावत माझ्याकडे येते, ते अंगण इथं आहे.

मी लिहिलं, शिरूर. आणि सही केली.